गणवेशाचा हंगाम आणि ‘परमिशन डिनाइड’: सोलापुरातल्या एका सर्व्हरचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचं आहे. कारखान्याचं, माणसांचं आणि शाळांचं नाव गाळलं आहे. तांत्रिक भाग मात्र तपशिलात ठेवला आहे, कारण एसईलिनक्सनं (लिनक्स मशीनवर पहारा ठेवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेनं) अडवलं की नेमकं काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं, हेच सांगायचं आहे.

पार्श्वभूमी

कारखान्याचा वर्षाचा धंदा एप्रिल ते जून या अडीच महिन्यांत होतो. पंधरा जूनला शाळा उघडतात, त्याआधी गठ्ठे पोहोचले पाहिजेत. शाळा मुलांच्या मापांची यादी एक्सेलमध्ये पाठवतात: इयत्ता, छाती, कमर, उंची, किती नग. पूर्वी या याद्या व्हॉट्सअॅपवर यायच्या आणि कटिंग मास्तरांच्या टेबलावर एकात एक मिसळायच्या. चार वर्षांपूर्वी मालकांनी एक साधं पोर्टल करून घेतलं. शाळा लॉगिन करते, कापडाचे फोटो बघते, यादी चढवते, पावती घेते.

पोर्टल सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर चालत होतं. त्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपणार होती, म्हणून हंगाम ऐन भरात येण्याआधीच नव्या मशीनवर, अल्मालिनक्स ९ वर, जायचं ठरलं. डेटाबेस मात्र हिशेबाच्या खोलीतल्या दुसऱ्या मशीनवरच ठेवला, कारण हिशेबाचा प्रोग्रामही तोच वाचतो. स्थलांतरासाठी दिवस निवडला ७ मे. लोकसभेच्या मतदानाची सुट्टी, कारखाना बंद, शाळांनाही सुट्टी.

जुन्या मशीनवर एसईलिनक्स पहिल्या दिवसापासून बंद होतं. त्या काळात अनेकांची तीच सवय होती. एसईलिनक्स हे अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचं काम. त्यांनी ते डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, २००३ मध्ये ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आलं आणि २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ४ पासून ते आपोआप चालू येऊ लागलं. सुरुवातीला नियम कमी आणि अडवणूक जास्त, त्यामुळे ‘इन्स्टॉल केलं की आधी ते बंद करा’ हा सल्ला तोंडी पसरला आणि टिकला. नव्या मशीनवर ते चालू आहे, हे त्या दिवशी कुणी पाहिलंच नाही.

पहिला निर्णय, जो कुणी लिहून ठेवला नाही

स्थलांतर पोर्टलच्या डेव्हलपरनं केलं. हुशार मुलगा आहे, पोर्टल ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी उत्तम येते. कोड त्यानं वेबसर्व्हरच्या नेहमीच्या जागी ठेवला. कापडाचे फोटो आणि शाळांच्या याद्या जास्त जागा खातात म्हणून मुळाशी, म्हणजे मशीनच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, ‘डेटा’ नावाचं नवं फोल्डर करून त्यात ठेवल्या.

संध्याकाळी लॉगिन होईना, फोटो दिसेनात. त्यानं फोल्डरला सीएचमॉड ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. फरक पडला नाही. मग शोधाशोध करून सेटएनफोर्स ० ही एसईलिनक्सचं अडवणं थांबवणारी आज्ञा दिली आणि सगळं एका क्षणात चालू झालं. तो घरी गेला.

सेटएनफोर्स ० मशीन पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतं. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एनफोर्सिंग’, म्हणजे अडवणं चालू, तसंच होतं.

अडचण

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. वारं, धूळ, मग वीज गेली. यूपीएसची बॅटरी पाऊण तासात संपली. रात्री वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला. सकाळी नऊच्या आत शाळांचे फोन सुरू झाले. पोर्टलचं पहिलं पान उघडतंय, पण लॉगिन होत नाही.

मी इथल्या काही कारखान्यांचे सर्व्हर बघतो. मालकांचा फोन आला, “बघा की ओ, पंधरा दिवसांवर शाळा आल्यात. कटिंगला याद्याच नाहीत.” मी पोहोचलो तेव्हा डेव्हलपरनं निष्कर्ष काढलेला होता: वीज गेल्यानं डेटाबेस खराब झाला. आदल्या पहाटेचा बॅकअप तो चढवायच्या बेतात होता. त्यानंतरच्या अख्ख्या दिवसात शाळांनी चढवलेल्या याद्या त्यात नव्हत्या. बॅकअप चढला असता तर त्या गेल्या असत्या, आणि कोणत्या शाळेची यादी गेली हे कळायलाही मार्ग राहिला नसता.

त्याला म्हटलं, “थांब. आधी चूक काय लिहिलीय ते वाचू.”

लॉगमध्ये डेटाबेसच्या चुकीचा क्रमांक २००२ होता आणि पुढे शब्द होते, ‘परमिशन डिनाइड’. त्या दोन शब्दांपाशीच थांबायला हवं. डेटाबेस बंद असेल तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. वायर किंवा फायरवॉलचा प्रश्न असेल तर बहुधा वाट बघून वेळ संपते. पासवर्ड चुकला तर चुकीचा क्रमांकच वेगळा येतो. नेटवर्कवर जोडणी करताना ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं, तर नकार समोरच्या मशीननं दिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. आपल्याच मशीनच्या कर्नलनं दारातून बाहेर पडू दिलेलं नाही.

खात्रीसाठी टर्मिनलवरून त्याच डेटाबेसला जोडून पाहिलं. लगेच जोडलं गेलं. डेटाबेस धडधाकट होता. हाताने चालतं, वेबमधून चालत नाही, ही एसईलिनक्सची जुनी खूण. टर्मिनलवर बसलेला माणूस बहुतेक वेळा ‘अनकन्फाइन्ड’ म्हणजे मोकळ्या वर्गात असतो. वेबसर्व्हर आणि त्याच्यासोबतचा पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारा प्रोग्राम) हे दोघे एचटीटीपीडी_टी या वर्गात बांधलेले असतात. एसईलिनक्सची स्थिती सांगणाऱ्या गेटएनफोर्स आज्ञेनं उत्तर दिलं, एनफोर्सिंग. तेव्हा ७ मेची गोष्ट बाहेर आली.

एसईलिनक्स अडवतं म्हणजे काय, हे मालकांना कारखान्याच्याच भाषेत सांगितलं. फाइलची साधी परवानगी म्हणजे गोदामाची किल्ली. एसईलिनक्स म्हणजे गेटवरचा वॉचमन. तो किल्ली बघतच नाही. गठ्ठ्यावरची चिठ्ठी (फाइलचं लेबल) आणि नेणाऱ्याचा पास (प्रोग्रामचा वर्ग) या दोन गोष्टी जुळतात का, एवढंच बघतो. किल्ली खरी असली तरी चिठ्ठी चुकीची असेल तर गठ्ठा बाहेर जात नाही. आणि किल्लीच नसेल तर वॉचमनपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. कर्नल आधी साधी परवानगी तपासतं, ती असेल तरच पुढे एसईलिनक्सला विचारतं. हा क्रम दुपारी फार उपयोगी पडला.

कोणते पर्याय होते

पहिला: पुन्हा सेटएनफोर्स ०, किंवा कॉन्फिगमध्येच कायमचं बंद. दोन मिनिटांचं काम. मालकांना साहजिकच हे हवं होतं. पण या मशीनवर दीड लाखावर मुलांची नावं आणि मापं आहेत, आणि पोर्टल इंटरनेटवर उघडं आहे. शिवाय पूर्ण बंद केल्यावर नव्या फाइलींवर चिठ्ठ्याच लागत नाहीत, त्यामुळे पुढे कधी चालू करायचं झालं तर अख्ख्या मशीनला नव्यानं लेबलं लावावी लागतात. आणि ९ व्या आवृत्तीत कॉन्फिगमधल्या ‘डिसेबल्ड’नं कर्नलमधलं एसईलिनक्स खरोखर बंदही होत नाही, फक्त नियम चढत नाहीत. पूर्ण बंद करायला बूटच्या वेळी कर्नलला वेगळा पॅरामीटर द्यावा लागतो.

दुसरा: ऑडिटटूअलाऊ. लॉगमधले सगळे नकार या साधनाला द्यायचे, ते त्यातून परवानग्यांचं मॉड्यूल बनवतं, आपण ते चढवायचं. डेव्हलपरचं मत इकडे होतं, कारण शोधल्यावर सगळ्यात आधी हाच उपाय सापडतो. मी मॉड्यूल चढवलं नाही, पण बनवून त्याला वाचायला दिलं. त्यातली एक ओळ अशी होती की एचटीटीपीडी_टी ला डीफॉल्ट_टी लेबलाच्या फाइली वाचायला, लिहायला आणि नव्या करायला परवानगी द्यावी. डीफॉल्ट_टी म्हणजे ज्या जागेसाठी नियमपुस्तकात काहीच लिहिलेलं नाही तिला मिळणारी चिठ्ठी. मुळाशी केलेल्या ‘डेटा’ फोल्डरला ती मिळाली होती. पण त्याच मशीनवर मुळाशीच ‘बॅकअप’ नावाचं आणखी एक फोल्डर होतं, त्यात हिशेबाच्या डेटाबेसच्या रोजच्या प्रती. त्याचीही चिठ्ठी तीच, डीफॉल्ट_टी. मॉड्यूल चढवलं असतं तर एसईलिनक्सच्या बाजूनं वेबसर्व्हरला त्या प्रतीही मोकळ्या झाल्या असत्या. डेव्हलपर ती ओळ दोनदा वाचून गप्प झाला.

तिसरा: एकेक नकार वाचून, ज्याचा त्याला इलाज. योग्य, पण किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नव्हतं, आणि बाहेर फोन वाजत होते.

मी तिसरा पर्याय घेतला, पण आधी थोडी उसंत मिळवून. अख्खं मशीन सैल करण्याऐवजी सेमॅनेज परमिसिव्ह वापरून फक्त एचटीटीपीडी_टी हा एक वर्ग सैल केला. बाकी सगळ्यांवर पहारा कायम. पोर्टल लगेच चालू झालं. ही सूट मशीन पुन्हा सुरू झालं तरी टिकते, म्हणून ती काढायचा गजर मोबाइलवर दुपारी साडेतीनचा लावला. हा निर्णय मला तेव्हा अगदी बरोबर वाटला होता. त्याबद्दल शेवटी लिहितो.

नकारांचं वाचन

आमच्या हाती एक चांगली गोष्ट आपोआप आली होती. सैल स्थितीत एसईलिनक्स अडवत नाही, पण नोंद करतं, आणि त्या नोंदीच्या शेवटी ‘परमिसिव्ह=१’ लिहितं. म्हणजे ७ मेपासून मशीन मुकाट्यानं यादी करत बसलं होतं. ऑडिटच्या लॉग फाइली ठरावीक आकाराच्या आणि मोजक्याच असतात, जुन्या पुसल्या जातात, तरी आम्हाला ११ मेपर्यंत मागे जाता आलं. सैल स्थितीत एकाच प्रकारचा नकार दर वेळी लिहिला जातोच असं नाही, त्यामुळे ओळींची संख्या मोजण्यात अर्थ नसतो. प्रकार किती, ते बघायचं.

ऑसर्च या लॉग शोधणाऱ्या साधनाला ‘एव्हीसी’, म्हणजे एसईलिनक्सच्या नकारांच्या, नोंदी मागितल्या, आणि सोबत -आय दिलं, म्हणजे सेकंदांच्या आकड्यांऐवजी माणसाला कळणारी वेळ दिसते. प्रत्येक ओळीत चार गोष्टी वाचायच्या: कोणती क्रिया नाकारली, ती कोण करत होतं, समोरच्या वस्तूची चिठ्ठी काय, आणि ती वस्तू कोणत्या जातीची, फाइल की फोल्डर की नेटवर्कचं सॉकेट. शेवटी चार ढीग झाले.

पहिल्या ढिगात पीएचपी-एफपीएम डेटाबेसच्या ३३०६ या पोर्टवर जोडायला बघत होता, समोर चिठ्ठी मायएसक्यूएलडी_पोर्ट_टी. हे वर्तन अपेक्षितच आहे आणि नियमपुस्तकात त्यासाठी बूलियन म्हणजे चालू-बंदचं बटण तयार असतं. इथे दोन बटणं हाताशी येतात. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट चालू केलं तर वेबसर्व्हर कुठेही बाहेर जाऊ शकतो. त्याच नावाच्या शेवटी _डीबी असलेलं दुसरं बटण फक्त डेटाबेसपुरतं आहे. बहुतेक जण पहिलं दाबतात, कारण त्यानं काम नक्की होतं. आम्ही दुसरं दाबलं, बटण बदलणाऱ्या सेटएसईबूल आज्ञेला -पी (म्हणजे कायमसाठी) देऊन, नाहीतर तेही पुढच्या वीज जाण्यासोबत गेलं असतं.

दुसरा ढीग डीफॉल्ट_टी चा: मापांच्या याद्या, पावत्या, जुने फोटो. तिसरा यूजर_होम_टी चा, आणि त्यात फक्त मे महिन्यात आलेले नवे फोटो. डेव्हलपरला विचारलं तेव्हा उलगडा झाला. तो फोटोंची झिप आपल्या होम फोल्डरमध्ये उतरवतो, तिथेच सोडवतो आणि एमव्ही (फाइल हलवायची आज्ञा) करून ‘डेटा’त नेतो. एमव्ही केल्यावर फाइल आपली जुनी चिठ्ठी घेऊनच येते. सीपी, म्हणजे प्रत, केली तर नवी फाइल बनते आणि साधारणपणे नव्या जागेची चिठ्ठी घेते. म्हणजे आज सगळं सरळ केलं तरी पुढच्या फोटोंच्या झिपबरोबर तोच बिघाड परत आला असता.

दोन्ही ढिगांचा इलाज एकच. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट वापरून नियमपुस्तकातच लिहिलं की ‘डेटा’खालच्या पोर्टलच्या फोल्डरला एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी, म्हणजे फक्त वाचायचं. त्यानंतर आतल्या याद्या आणि पावत्यांच्या दोन फोल्डरांपुरतं एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी, म्हणजे लिहायचंही. मग रिस्टोअरकॉन -आरव्ही चालवून प्रत्यक्ष फाइलींवर चिठ्ठ्या बदलल्या. सीएचकॉननं हेच एका ओळीत होतं, पण ते फक्त फाइलवरची चिठ्ठी बदलतं, पुस्तक बदलत नाही. पुढे कुणी रिस्टोअरकॉन चालवलं की जुनंच परत येतं. डेव्हलपरच्या स्क्रिप्टमध्ये एमव्हीला -झेड जोडलं, म्हणजे हलवतानाच नव्या जागेची चिठ्ठी लागते.

फोटो फक्त वाचायचे आणि याद्या लिहायच्या, हा भेद करायला दहा मिनिटं जास्त लागली. सगळ्यालाच लिहिण्याचं लेबल देण्याचा मोह झाला होता.

मध्येच एक चकवा आला. साडेतीनला सूट काढली, लॉगिन झालं, यादी चढली, पण पावतीची पीडीएफ बनेना. एव्हाना खोलीतल्या सगळ्यांचं एकमत होतं की हेही एसईलिनक्सच. ऑसर्चमध्ये काहीच नव्हतं. काही नकार नियमपुस्तक मुद्दाम लपवतं, त्यांना ‘डोंटऑडिट’ म्हणतात. सेमॉड्यूल -डीबी देऊन ती लपवाछपवी काढली, पुन्हा पावती मागितली. तरी पावतीशी संबंधित ओळ नाही. वॉचमनच्या वहीत नोंदच नाही म्हणजे माणूस गेटपर्यंत आलेलाच नाही. साधी परवानगी पाहिली. पीडीएफ आधी ज्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनते, ते सकाळी धावपळीत डेव्हलपरनं स्वतःच्या नावावर नव्यानं केलं होतं, ७०० परवानगीनं. मालकी बदलली, पावती आली. सेमॉड्यूल -बी देऊन लपवलेलं पुन्हा लपवलं, आणि ७ मेचं ७७७ ही काढून टाकलं. त्याचा कधीच काही उपयोग झालेला नव्हता.

चौथा ढीग

चौथ्या ढिगात एकच प्रकार होता. यादी चढली की पीएचपी-एफपीएम बाहेरच्या एका पत्त्यावर ८०८० पोर्टला जोडायला बघत होता. डेव्हलपरला आठवेना. कोडमध्ये शोधल्यावर सापडलं: चार वर्षांपूर्वी शाळेला ‘यादी मिळाली’ असा एसएमएस पाठवायचा तो तुकडा. एसएमएस देणारी सेवा नंतर बदलली, नवा एसएमएस हिशेबाच्या मशीनवरून जातो, पण जुना तुकडा कुणी काढला नाही. शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांचा मोबाइल नंबर तो विनाकूटबद्ध पाठवत होता, अशा पत्त्यावर ज्याच्याशी कारखान्याचा आता काही संबंध नाही. जुन्या मशीनवर एसईलिनक्स बंद असल्यानं वर्षानुवर्षं ते बिनबोभाट जात होतं.

हा नकार आम्ही नकारच ठेवला, आणि तुकडा कोडमधून काढला. रुंद बूलियन दाबलं असतं तर ही जोडणीसुद्धा मोकळी झाली असती, आणि आम्हाला पत्ता लागला नसता. सगळे नकार सरसकट मॉड्यूलमध्ये घातले असते तरी हेच.

परिणाम

संध्याकाळी पाचला पोर्टल एनफोर्सिंगमध्ये पूर्ण चालू होतं. मग मालकांच्या परवानगीनं मशीन मुद्दाम पुन्हा सुरू केलं. ते उठेपर्यंत कुणी बोलत नव्हतं. लॉगिन, फोटो, यादी, पावती, चारही चाललं. एकही यादी हरवली नाही. कटिंगला एक दिवस उशीर झाला, तो दोन रात्री जादा पाळी लावून भरून काढला. हंगाम संपेपर्यंत एसईलिनक्सचा नवा नकार एकदाच आला, तोही डेव्हलपरनं स्वतः वाचून सोडवला.

वेगळं काय करता आलं असतं

७ मेला सेटएनफोर्स ० देणं हा गुन्हा नव्हता. सुट्टीच्या दिवशी, शाळा पोर्टलवर नसताना, तपासासाठी ते चाललं असतं. पण त्याच रात्री मशीन एकदा पुन्हा सुरू करून पाहायला हवं होतं. रीबूट ही स्थलांतराची शेवटची पायरी मी आता इतर कारखान्यांतही धरतो. ती झाली असती तर हा बिघाड ऐन हंगामात न येता रिकाम्या कारखान्यात आला असता.

बॅकअप चढवण्याबाबत नंतर डेव्हलपरशी शांतपणे बोललो. त्याची चूक घाईची होती, अज्ञानाची नाही. आता नियम केला आहे: बॅकअप चढवण्याआधी आहे त्या डेटाबेसची प्रत काढायची, तो खराब वाटत असला तरी.

माझी चूक सूट देण्यात आहे. वेबसर्व्हरचा वर्ग सहा तास सैल ठेवला तेव्हा ८०८० ची ओळ मी सकाळीच पाहिली होती आणि ‘नंतर बघू’ म्हणून पुढे गेलो होतो. सैल केल्यावर तीही जोडणी मोकळी झाली. त्या सहा तासांत नऊ शाळांनी याद्या चढवल्या, म्हणजे नऊ मुख्याध्यापकांचे नंबर त्या अनोळखी पत्त्याकडे निघाले. त्याआधीच्या तीन आठवड्यांत आणि जुन्या मशीनवरच्या वर्षांत किती गेले ते वेगळंच, पण हे नऊ माझ्या निर्णयामुळे गेले. आधी फायरवॉलमध्ये त्या पत्त्याची वाट बंद करून मग सूट द्यायला हवी होती. पाच मिनिटांचं काम होतं.

मालकांना हे त्याच संध्याकाळी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग नऊ शाळांची यादी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मुख्याध्यापकांना स्वतः फोन केला.